गिअरबॉक्सचे बोल्ट की प्रेशरचे? बॅटन रूजच्या एका प्लग व्हॉल्व्हचं प्रकरण

अमेरिकेच्या लुईझियाना राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठी, बॅटन रूज इथे एक्सॉनमोबिलची रिफायनरी आहे. २२ नोव्हेंबर २०१६ रोजी तिथल्या अल्किलेशन युनिटमध्ये एका प्लग व्हॉल्व्हचा गिअरबॉक्स, म्हणजे चाकाने व्हॉल्व्ह फिरवणारी दात्यांची पेटी, चालेना. ऑपरेटरने तो उतरवला, उघड्या पडलेल्या स्टेमला, म्हणजे व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या दांड्याला, पाइप रेंच लावला आणि व्हॉल्व्ह फिरवायला गेला. व्हॉल्व्ह फिरायच्या ऐवजी सुटाच झाला. आतला आयसोब्युटेन हा ज्वलनशील वायू बाहेर आला, अर्ध्या मिनिटाच्या आत पेटला आणि चार कामगार गंभीर भाजले.

प्रकरण एवढंच. फुटलेला रिॲक्टर, भडकलेली रासायनिक प्रक्रिया, बंद पडलेली कंट्रोल रूम असलं काही यात नाही. पाना, पाइप रेंच आणि जाम झालेला गिअरबॉक्स. पाताळगंगा असो, तारापूर असो की जामनगर, सकाळच्या पाळीत कोणी ना कोणी हेच करत असतं. म्हणूनच व्हॉल्व्हच्या कामात हात काळे करणाऱ्यांनी हे प्रकरण नटानटाने उलगडून बघायला हवं.

तपास अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने केला आणि निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. या बोर्डाला दंड ठोठावता येत नाही. कारणं शोधायची, शिफारशी करायच्या, एवढंच त्याचं काम. त्यामुळे दोषी कोण यापेक्षा बोल्ट कुठला होता याकडे त्यांच्या अहवालांचं जास्त लक्ष असतं. आपल्याकडच्या चौकश्यांचे कागद वाचलेल्याला हा फरक चटकन जाणवेल.

लाइनमध्ये काय होतं

अल्किलेशन युनिटमध्ये आयसोब्युटेन आणि ब्युटिलीनसारखे ओलेफिन (एका वर्गाचे हायड्रोकार्बन) यांना ॲसिडच्या सान्निध्यात एकत्र आणतात. त्यातून वरच्या ऑक्टेनचं अल्किलेट मिळतं आणि ते पेट्रोलमध्ये मिसळतात. बॅटन रूजच्या युनिटमध्ये हे ॲसिड सल्फ्युरिक होतं. पण त्या दिवशीच्या घटनेशी ॲसिडचा काही संबंध नाही, संबंध आहे तो आयसोब्युटेनचा.

आयसोब्युटेन उणे १२ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतो. २५ अंशांना त्याला द्रवरूपात ठेवायचं तर साधारण साडेतीन बार निरपेक्ष दाब लागतोच, त्यावर पंपाचा दाब वेगळा. बाहेर आला की त्याची लगेच वाफ होते. ही वाफ हवेच्या दुप्पट जड असल्याने वर उडून जात नाही. जमिनीलगत सरकते, ड्रेनमध्ये उतरते, पंपांच्या पायाशी साचते. हवेत तिचं प्रमाण १.८ टक्क्यांवर गेलं की ठिणगी पुरे. तिथे २,००० पौंडांहून अधिक, म्हणजे ९०० किलोच्या पुढे, माल सांडला. आपल्या घरातल्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, या हिशेबाने साठाहून जास्त सिलिंडर एका जागी रिकामे झाले. त्याची शुद्ध वाफच पावणेचारशे घनमीटरच्या घरात जाते. हवेत मिसळून पेटण्याजोगा ढग त्याच्या कितीतरी पट मोठा.

ठिणगी बहुधा युनिटमध्येच असलेल्या वेल्डिंग मशीनची असावी, असं तपासात दिसलं. जे ढगाच्या बाहेर पळू शकले ते वाचले. चौघांना पळायला वेळ मिळाला नाही. अर्ध्या मिनिटात माणूस किती लांब जातो ते प्रत्येकाने आपापल्या युनिटमध्ये, मचाण आणि पाइपरॅकच्या मधल्या वाटेवर, स्वतः चालून बघावं.

व्हॉल्व्ह जवळून

प्लग व्हॉल्व्हची रचना साधी आहे. बॉडीच्या आत उभा, खाली निमुळता होत जाणारा प्लग बसतो. त्याला आरपार खिडकी. पाव फेरा दिला की खिडकी लाइनच्या रेषेत येते आणि व्हॉल्व्ह उघडतो, उलटा पाव फेरा दिला की बंद. प्लग वरून आत घालतात, म्हणून बॉडीला वरून तोंड असतं आणि त्या तोंडावर झाकण. हीच टॉप कॅप. लाइनमधला दाब प्लगला आणि त्याच्या वरच्या सीलला वर ढकलत असतो, त्याला खाली धरून ठेवायचं काम या टॉप कॅपचं आणि तिच्या बोल्टांचं. प्लगचा स्टेम टॉप कॅपमधून वर येतो.

त्याच्या वर ब्रॅकेट, ब्रॅकेटवर गिअरबॉक्स, गिअरबॉक्सला हँडव्हील. गिअरबॉक्स आणि हवेवर चालणारा ॲक्च्युएटर यांची जागा एकच. काम फक्त स्टेम फिरवायचं. आतला दाब धरून ठेवण्याशी त्यांचा संबंध नसतो. निदान नसायला हवा.

नव्या घडणीच्या व्हॉल्व्हमध्ये ब्रॅकेटचे बोल्ट वेगळे आणि टॉप कॅपचे वेगळे. ब्रॅकेट अख्खा काढून बाजूला ठेवला तरी टॉप कॅप जागच्या जागी घट्ट राहते. बॅटन रूजचा तो व्हॉल्व्ह मात्र जुन्या घडणीचा होता. त्यात टॉप कॅप आणि ब्रॅकेट दोन्ही एकाच बोल्टांनी आवळलेले. ब्रॅकेटच्या पायातून खाली जाणारा बोल्ट पुढे टॉप कॅपमधून बॉडीत उतरतो. वरून बघणाऱ्याला दिसतं काय? ब्रॅकेटचा पाय आणि त्यावर बसलेलं बोल्टाचं डोकं. खाली टॉप कॅप आहे हेही दिसेल, पण तीच कॅप याच बोल्टाच्या भरवशावर आहे हे वरून कळायला काही मार्ग नाही. बोल्टाच्या डोक्यावर ग्रेड लिहिलेली असते, काम लिहिलेलं नसतं.

अशा व्हॉल्व्हवरून गिअरबॉक्स काढता येत नाही का? येतो. ब्रॅकेटला हात न लावता, गिअरबॉक्स ब्रॅकेटला जिथे जोडलाय तिथले बोल्ट काढायचे आणि गिअरबॉक्स स्टेमवरून वर उचलायचा. ब्रॅकेट तिथेच राहतो, कॅपही. म्हणजे बरोबर आणि चूक यांच्यात अंतर काही इंचांचं.

बोल्ट काढले आणि काहीच झालं नाही

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट हीच. बोल्ट निघाले त्या क्षणी व्हॉल्व्हने काही दाखवलं नाही. तो सुटा झाला तो पाइप रेंचने फिरवताना.

निमुळता प्लग बॉडीत पाचरीसारखा बसलेला असतो. स्लीव्हचा व्हॉल्व्ह असेल तर टेफ्लॉनची स्लीव्ह त्याला चारी बाजूंनी घट्ट आवळते. वर्षानुवर्षं न हललेल्या प्लगवर साका बसतो, गंज बसतो. त्यामुळे झाकण मोकळं झालं तरी नुसत्या घर्षणावर प्लग काही काळ टिकून राहू शकतो. थेंब नाही, आवाज नाही, वास नाही. काम करणाऱ्याला वाटतं, बरोबर चाललंय. मग तो स्टेमला पाइप रेंच लावतो, जोर देतो, प्लग जागचा हलतो, घर्षणाची पकड सुटते आणि खालून ढकलणाऱ्या दाबाला अडवणारं काही उरत नाही.

तो जोर किती असतो याचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब करतो. आकडे समजावण्यापुरते आहेत, बॅटन रूजचे नाहीत. १०० मिलिमीटर व्यासाच्या तोंडावर १० किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब धरा. क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटर. वर ढकलणारा जोर सुमारे ७८५ किलो. हाताने दाबून धरता येईल असलं हे काम नाही.

आपल्या मनात एक खूणगाठ पक्की असते की चुकीचा नट ढिला केला तर गळती सुरू होईल आणि आपल्याला कळेल. फ्लँजच्या, म्हणजे दोन पाइप बोल्टांनी जोडणाऱ्या कडांच्या, बाबतीत ते बहुतेक वेळा खरंही असतं. पाचर बसलेल्या प्लगच्या बाबतीत ते खरं नाही.

पाचशेतले पंधरा

बोर्डाच्या तपासात एक आकडा आला. त्या युनिटमध्ये गिअरबॉक्सवाले साधारण ५०० प्लग व्हॉल्व्ह होते, आणि त्यातले जुन्या घडणीचे फक्त ३ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पंधराएक.

या आकड्याचा अर्थ बारकाईने लावला पाहिजे. शंभरातल्या सत्त्याण्णव व्हॉल्व्हवर ब्रॅकेटचे बोल्ट काढले तर काहीही होत नाही. ऑपरेटरने हे काम आधी केलं असेल, शेजारच्याला करताना पाहिलं असेल, आणि प्रत्येक वेळी गिअरबॉक्स निमूट खाली उतरला असेल. हाताला सवय लागते ती सत्त्याण्णवची. उरलेल्या तिघांवर ती सवयच घात करते. सगळेच व्हॉल्व्ह जुने असते तर कदाचित हा अपघात झाला नसता, कारण मग प्रत्येकाला तो धोका माहीत असता. नवीन चांगला माल आणला, बहुतेक जागी बसवला आणि थोडा जुना तसाच ठेवला, तर तो थोडा जुना आधीपेक्षा जास्त धोक्याचा होतो. स्टोअरमध्ये, ड्रॉइंगवर, टॅग लिस्टमध्ये (उपकरणांच्या क्रमांकांच्या यादीत) दोन्ही एकाच नावाने नांदतात. साइज तीच, रेटिंग तेच, मटेरियल तेच. बदल व्यवस्थापनाच्या, म्हणजे प्लांटमधला बदल मंजूर करून घ्यायच्या, फॉर्मवर असा बदल 'जसाच्या तसा' म्हणून विनासायास पास होतो. बोल्टांची मांडणी बदलली आहे हा रकाना त्या फॉर्ममध्ये नसतो.

पाना कोणाच्या हातात

गिअरबॉक्स काढणं हे मेंटेनन्सचं काम की ऑपरेशनचं? बॅटन रूजला ते ऑपरेटर करत आले होते. त्यासाठी त्यांना लेखी कार्यपद्धती नव्हती, व्हॉल्व्हच्या या दोन घडणींचं प्रशिक्षणही नव्हतं. बोर्डाने याच गोष्टीवर बोट ठेवलं: लेखी पद्धत द्या, प्रशिक्षण द्या, आणि त्याआधी जुने व्हॉल्व्ह शोधून चूक होणारच नाही अशी रचना आणा.

मला त्याही मागे जायचंय. ऑपरेटर गिअरबॉक्स उतरवतो कधी? हँडव्हील फिरत नाही तेव्हा, किंवा चाक गरगर फिरतं आणि स्टेम ढिम्म राहतो तेव्हा. पहिल्यात वर्म गिअर गंजलाय किंवा बेअरिंग बसलंय, दुसऱ्यात चावी तुटलीय नाहीतर दाते गेलेत. दोन्हींचं मूळ बहुधा एकच: कव्हरचं गास्केट सुकलं, पावसाचं पाणी आत गेलं, ग्रीसचा साबण झाला, आणि वर्षानुवर्षं कोणी झाकण उघडून बघितलं नाही. कंट्रोल रूममधून आपोआप चालणाऱ्या कंट्रोल व्हॉल्व्हला टॅग असतो, कॅलिब्रेशनची तारीख असते. तो बिघडला की पॅनेलवर बोंब होते. हातचाकाच्या व्हॉल्व्हचा गिअरबॉक्स बिघडला तर पुढच्या वेळी फिरवायची गरज पडेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही, आणि गरज नेमकी घाईच्या वेळी पडते. मग वर्क रिक्वेस्ट, परमिट, फिटरची वाट, यात पाळी संपेल म्हणून ऑपरेटर स्वतःच पाना उचलतो. तो कामचोर असता तर हा अपघात झाला नसता.

चालत्या प्लांटमध्ये प्लग जड झाला तर काय करायचं हाही प्रश्न आहेच. ल्युब्रिकेटेड प्लग व्हॉल्व्ह असेल तर सीलंट गनने ताजा सीलंट भरून प्लग मोकळा होतो, त्याची सोय स्टेमच्या डोक्यावरच असते. स्लीव्हवाल्यात ती सोय नाही. तिथे टॉप कॅपवर प्लगला खाली दाबणारे ॲडजस्टिंग बोल्ट असतात, आणि 'थोडे ढिले करू, फिरेल' असा मोह होतो. म्हणजे एका छोट्या झाकणावर बोल्टांची तिसरी जात आली: एक ब्रॅकेट धरणारे, एक दाब धरणारे, एक सील दाबणारे. तिन्हींना लागणारे पाने पुष्कळदा एकाच मापाचे.

कंट्रोल व्हॉल्व्हवर हीच गल्लत

'आमच्याकडे ग्लोब कंट्रोल व्हॉल्व्ह आहेत, प्लग नाहीत' असं म्हणून सुटता येत नाही. डायफ्रॅम ॲक्च्युएटरवाला (हवेने रबरी पडदा ढकलून चालणारा) सरळ स्टेमचा व्हॉल्व्ह समोर धरा. वर पातेल्यांची जोडी दिसावी तशी डायफ्रॅम केसिंग, खाली तिला धरणारा दोन पायांचा सांगाडा म्हणजे योक, योकच्या मध्ये स्टेम कनेक्टर आणि ट्रॅव्हलची पट्टी. योक जिथे बॉनेटवर, म्हणजे बॉडीच्या दाब धरणाऱ्या झाकणावर, बसतो तिथे लहान व्हॉल्व्हवर खाचांचा एक मोठा लॉकनट असतो. तो ड्रिफ्ट (धातूचा दांडा) लावून हातोडीने सोडवतात. ॲक्च्युएटर उतरवायला एवढंच लागतं: एअर लाइन सुटी करायची, कनेक्टर सोडायचा, लॉकनट काढायचा. त्याच्या खाली ग्लँडचे दोन नट पॅकिंग, म्हणजे स्टेमभोवतीचं सील, दाबून असतात आणि आणखी खाली बॉनेटचे नट. ग्लँडचे नट ढिले केले की पॅकिंग उडू शकतं, बॉनेटचे काढले की लाइनच उघडी होते.

मोठ्या ॲक्च्युएटरला लॉकनट पुरत नाही. तिथे योक बॉनेटवर स्टड-नटांनी बसवतात. आता योकचे नट आणि बॉनेटचे नट एकमेकांपासून वीतभर अंतरावर, दोन्ही वर्तुळात, दोन्ही उभे. काही आटोपशीर व्हॉल्व्हमध्ये तर योक आणि बॉनेट एकच ओतीव तुकडा असतो. तिथे योक काढणं म्हणजेच बॉनेट उघडणं. बॅटन रूजच्या जुन्या व्हॉल्व्हचं हे सख्खं भावंड.

ॲक्च्युएटरच्या पोटातही दाब असतो, स्प्रिंगचा. डायफ्रॅमचं क्षेत्रफळ ६४५ चौरस सेंटिमीटर आणि बेंच सेट (ॲक्च्युएटर चालायला लागणारा हवेचा दाब) ०.२ ते १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर असेल, तर हवा पूर्ण काढून घेतल्यावरही स्प्रिंग सुमारे १३० किलोने दाबलेलीच असते. केसिंगच्या कडेने बोल्ट बघत गेलं तर बऱ्याच घडणींत समोरासमोरचे काही बोल्ट इतरांपेक्षा लांब सापडतात. आखूड बोल्ट आधी काढायचे, लांब बोल्ट शेवटी, आळीपाळीने थोडे थोडे ढिले करत, म्हणजे स्प्रिंग मोकळी होईपर्यंत केसिंग त्यांच्या धाग्यावर राहते. जोडताना कोणी लांब बोल्टांऐवजी हाताला आले ते आखूड टाकून ठेवले असतील तर पुढच्या फिटरसाठी तो सापळा. स्प्रिंग रिटर्नच्या स्कॉच योक ॲक्च्युएटरमध्ये स्प्रिंगची नळी वेगळी बंदिस्त असते. तिला साइटवर उघडायचंच नाही, अख्खी बदलायची.

पाव फेऱ्याच्या व्हॉल्व्हवर आणखी एक गोष्ट. ॲक्च्युएटर काढला की डिस्क किंवा बॉल त्या जागी धरून ठेवणारं कोणी नसतं. लाइनमध्ये प्रवाह असेल तर बटरफ्लाय आपसूक फिरून आपटू शकतो. स्टेमच्या टोकावरची खाच प्लग-बॉलच्या खिडकीची दिशा सांगते. ॲक्च्युएटर काढण्याआधी आणि काढल्यानंतर ती बघून मार्करने खूण करायची.

बॉनेट मुद्दाम उघडताना जुने फिटर एक पद्धत पाळतात. सगळे नट दोन-तीन धागे ढिले करायचे, काढायचा एकही नाही. मग बॉनेट पहारीने हलवून गास्केटची पकड सोडवायची, आणि फुसकारा येतो का बघत थांबायचं. आत दाब राहिला असेल तर तो नट धाग्यावर असतानाच कळतो. गेज शून्य दाखवतंय यावर जाऊ नये, गेजची नळी चोक असू शकते. ड्रेन उघडा आहे यावरही जाऊ नये, ड्रेनमध्ये तार घालून बघावी. बॅटन रूजला ही पद्धत वाचवू शकली असती का? नसती, कारण आपण काही उघडतोय असं त्या ऑपरेटरला वाटतच नव्हतं. सावधगिरी बॉनेट उघडणाऱ्याला शिकवलेली असते, गिअरबॉक्स काढणाऱ्याला नाही.

ला पोर्ट, २०२१

२७ जुलै २०२१ रोजी टेक्सासमधल्या ला पोर्ट इथे लायन्डेलबासेलच्या ॲसेटिक ॲसिड युनिटमध्ये कंत्राटी कामगार एका प्लग व्हॉल्व्हचा ॲक्च्युएटर काढत होते. ॲक्च्युएटर धरणारे नट काढायचे सोडून त्यांनी व्हॉल्व्हचं दाब धरणारं झाकण आवळणारे नट काढले. सुमारे १,६४,००० पौंड, म्हणजे ७४ टनांच्या आसपास ॲसेटिक ॲसिडचं मिश्रण बाहेर आलं. दोघांचा मृत्यू झाला, इतर काही जखमी झाले आणि अनेकांना तपासणीसाठी रुग्णालयात न्यावं लागलं. तपास याच बोर्डाने केला, अहवाल २०२३ मध्ये आला. या कामासाठी नेमकी लेखी पद्धत तिथेही नव्हती आणि कामगारांना त्या व्हॉल्व्हचं प्रशिक्षणही नव्हतं.

बॅटन रूजनंतर पाच वर्षंही झाली नव्हती. तो अहवाल, त्याची ॲनिमेशन फिल्म, सगळं जगभर उपलब्ध होतं.

ही दोन प्रकरणं शेजारी ठेवली की एक सोपी पळवाट बंद होते. बॅटन रूजनंतर म्हणता आलं असतं की ऑपरेटरने मेंटेनन्सचं काम करायला नको होतं. ला पोर्टला ते काम कामासाठीच आणलेल्या माणसांनी केलं. पदनाम बदललं, कंपनी बदलली, गिअरबॉक्सच्या जागी ॲक्च्युएटर आला, आणि हात गेला त्याच जागी. माझ्या मते दोष हाताइतकाच, किंबहुना जास्त, त्या जागेचा आहे. डोळ्यांना न दिसणारा फरक माणसाने दरवेळी ओळखावा अशी अपेक्षा ठेवून बसवलेला व्हॉल्व्ह हा अर्धवट बसवलेला व्हॉल्व्ह. हे म्हणताना मला लेखी पद्धतीचं महत्त्व कमी करायचं नाही. पण पद्धत फाइलीत असते आणि बोल्ट समोर असतो.

आपल्या युनिटमध्ये

परमिटवर साधारण असं लिहिलेलं असतं: 'टॅग अमुक, ॲक्च्युएटर रिमूव्हल, कोल्ड वर्क.' तेल-वायू उद्योगासाठी ओआयएसडीचं (तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाचं) १०५ क्रमांकाचं मानक वर्क परमिटची चौकट देतं, आयसोलेशनचे, म्हणजे लाइन बंद करून तोडण्याचे, रकानेही त्यात आहेत. पण कोणते नट काढायचे हे रकान्यात मावत नाही. त्यावर साधा उपाय असा: व्हॉल्व्हचा जागेवर काढलेला फोटो परमिटला जोडायचा, काढायच्या बोल्टांवर हिरवी खूण, हात न लावायच्या बोल्टांवर लाल. फोटो घ्यायला मोबाइल नेता येत नसेल अशा झोनमध्ये कंपनीने दिलेल्या ड्रॉइंगची एक्सप्लोडेड (सुटे भाग वेगवेगळे दाखवणारी) आकृती चालते, फक्त ती त्याच मॉडेलची आणि त्याच सालाची असल्याची खात्री हवी. ड्रॉइंग सापडत नाही म्हणून शेजारच्या टॅगचं लावायचं नाही. त्यातच सगळी मेख आहे.

आणि फोटो जोडता आला नाही, दोन जणांना बघून बोल्टांचं काम सांगता आलं नाही, तर काम लाइन दाबाखाली असताना होणार नाही. आधी दोन्ही बाजूंनी बंद, ड्रेन, व्हेंट, खात्री. त्याने उत्पादन थांबतं हे मान्य. आमच्याकडच्या कंत्राटी शटडाउनमधला एक जुना फिटर परमिट हातात घेऊन दरवेळी एवढंच म्हणायचा, "साहेब, आधी लाइन रिकामी दाखवा, मग पान्याचं बघू." तेव्हा तो वेळखाऊ वाटायचा. पुढे त्याच्या हाताखाली शिकलेली पोरं मागून घ्यायला लागलो.

दाब धरणाऱ्या बोल्टांवर रंग लावा, असा सल्ला सगळे देतात. लावा, पण आपल्याकडची गंमत लक्षात ठेवा: पेंटिंगचा कंत्राटदार शटडाउनला येतो आणि व्हॉल्व्ह, नट, टॅग, नेमप्लेट सगळं एका ब्रशने रुपेरी करून जातो. त्याचं बिल चौरस मीटरवर असतं. म्हणून रंगाच्या जोडीला स्टेनलेसची ठसे मारलेली पाटी, योकच्या पायाला तारेने बांधलेली: 'ब्रॅकेटचे बोल्ट काढू नका, टॉप कॅप सुटेल.' मराठीत आणि हिंदीत, दोन्ही. पाटी दाब धरणाऱ्या नटाखाली अडकवायची नाही. ती लावायला कोणीतरी तोच नट काढेल.

राहिली जुन्या व्हॉल्व्हची यादी. हे काम कॉम्प्युटरवर बसून होत नाही, कारण डेटाशीटमध्ये दोन्ही घडणी एकच दिसतात. युनिटमध्ये फिरायचं, गिअरबॉक्स किंवा ॲक्च्युएटर असलेल्या प्रत्येक प्लग, बॉल आणि कंट्रोल व्हॉल्व्हसमोर वाकून ब्रॅकेटच्या पायाकडे बघायचं. टॉप कॅपला किंवा बॉनेटला तिचे स्वतःचे, ब्रॅकेटच्या बाहेर दिसणारे बोल्ट आहेत का? नसतील तर तो व्हॉल्व्ह यादीत, त्याच दिवशी पाटी, आणि पुढच्या शटडाउनला बदली. सोबत विजेरी, छोटा आरसा आणि तारेचा ब्रश न्यावा. बॉडीवरचा कास्टिंग नंबर रंगाच्या तीन थरांखाली असतो, खरवडल्याशिवाय वाचता येत नाही.